उकंडाजींच्याने आता होत नाही

मला लिहिण्याचा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. मी बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन बसलो आहे. निकाल लागायचा आहे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला, त्यामुळे चुकलो तर दुरुस्त करणारंही घरी कोणी नाही. नोकरीचे अनुभव इंजिनियरांनी लिहावेत, डॉक्टरांनी लिहावेत. त्यांनी पूल बांधलेले असतात, माणसं वाचवलेली असतात. मी तात्पुरता कारकून होतो आणि माझ्या हातून जे झालं ते एका वाक्याचं मराठी. तेही पुरतं माझं नव्हे. पण त्या वाक्यापायी माझा जीव जसा वरखाली झाला तसा कुठल्याही परीक्षेत झाला नाही, म्हणून हे धाडस. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ते वाक्य इंग्रजीत टाइप होऊन माझ्या टेबलावर आलं होतं. त्याचा मतलब असा होता, की अमुक गावचा कोतवाल उकंडा तायडे हा आपलं काम करण्यास 'इन्कॉम्पिटंट' झाला असल्याने त्याला कोतवालीवरून कमी करण्यात येत आहे. खाली तहसीलदार साहेबांच्या सहीची जागा मोकळी होती. मी मराठी प्रत तयार केली की दोन्ही कागदांवर एकदमच सही व्हायची होती. आणि ज्यांच्याबद्दल हे लिहिलं होतं ते उकंडाजी त्याच वेळी कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसून, गावचा टपाल-थैला मांडीवर घेऊन, भाकर खात होते.

कचेरी अमरावतीतलीच. नाव लिहीत नाही. सकाळी कॉलेज करायचं आणि तिथून सायकलवर थेट कचेरी गाठायची, असा माझा क्रम होता. नवं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आधी सगळा कारभार इंग्रजीत चाले. आता खेड्यात जाणारा प्रत्येक कागद मराठीत गेला पाहिजे, असं वरून आलं होतं. साहेब लोकांचा हात मात्र इंग्रजीवर बसलेला. म्हणून ते इंग्रजीत सांगत, टायपिस्ट टाइप करी, आणि आमच्या टेबलावर त्याचं मराठी होई. या टेबलाला सगळे 'तर्जुम्याचं टेबल' म्हणत. त्यावर मी आणि माझ्यावर हेडक्लार्क काझीसाहेब.

काझीसाहेब जुन्या वऱ्हाडातले. उर्दू, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषा त्यांच्या पानाच्या डब्यासारख्या, झाकण उघडलं की हवं ते हाताशी. कोणत्या इंग्रजी शब्दाला कोणता मराठी शब्द द्यायचा हे त्यांच्या उस्तादांनी ठरवून दिलं होतं आणि त्यात बदल होत नसे. 'इन्कॉम्पिटंट' म्हणजे नालायक.

मी लिहायला घेतलं. 'कोतवाल उकंडा तायडे हा नालायक ठरल्यामुळे' इथपर्यंत आलो आणि टाक थांबला.

कोतवाल म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. गावातला तो सरकारचा सगळ्यात खालचा नोकर. टपाल नेणं-आणणं, साहेब आले की चावडी झाडणं, आणि मुख्य म्हणजे दवंडी देणं. कचेरीतून हुकूम निघाला की तो कोतवालाच्याच हाती गावी जातो. कोतवालाला बहुधा वाचता येत नाही. म्हणून आमच्यातला एक कारकून त्याला हुकूम मोठ्याने वाचून दाखवतो. तो ऐकतो, घोकतो, म्हणून दाखवतो. पाठ झाला की गावात जाऊन डफडं वाजवतो आणि गल्लोगल्ली पुकारतो. कागद नंतर चावडीवर डकवतात, पण तो वाचतो कोण. गावाला हुकूम कळतो तो कोतवालाच्या तोंडून.

उकंडाजींचं तोंडच आता चालत नव्हतं. घशाचं काही दुखणं झालं होतं. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, आजार आटोक्यात आला, पण आवाज गेला तो गेलाच. उरली ती कुजबुज. तरी डफडं वाजवून ते पुकारत राहिले. मग देवीची लस टोचणारे लोक गावात आले तेव्हा चावडीवर चारदोन माणसं सोडून कोणी नाही. दवंडी झाली होती, पण कोणाला ऐकूच गेली नव्हती. आर.आय. साहेबांनी, म्हणजे गावोगाव तपासणी करणाऱ्या इन्स्पेक्टरांनी, तसा रिपोर्ट केला. त्यावरून हा हुकूम.

काढणं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. लस चुकली तर लेकरं दगावतात. उकंडाजींनाही ते कळत होतं. मी बाहेर गेलो तसं त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला आणि कुजबुजले,

"माहा कागद निंगाला काय, बाबू?"

"व्हायचा आहे अजून."

"काय लिवून राहिले त्याच्यात?"

"सही व्हायची आहे, बाबा."

"सई होऊ दे सावकाश. पर तू मले सांगून ठेव ना, काय हाये थे. मले घोका लागते." त्यांनी गळ्याला हात लावला. "आता एका दमात जास्त बोलनं होत नाई. तोडून तोडून बसवा लागन."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोवर खरंच पडला नव्हता. हा हुकूम गावात पुकारणार कोण? तेच. दुसरा कोतवाल नेमेपर्यंत कोतवाल तेच. आणि त्यांना तो शिकवणार कोण? मी. मी या निंबाखाली बसून त्यांना म्हणायला लावणार होतो, 'उकंडा तायडे हा नालायक ठरल्यामुळे'. ते डोळे मिटून घोकणार होते. आणि मग आपल्याच गावात, पाटलाच्या दारापुढे, देवळापुढे, आपल्या वस्तीत, सुनेपुढे, नातवंडांपुढे डफडं वाजवून तेच म्हणणार होते.

त्यांनीच एकदा मला सांगितलं होतं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, गावकीची बाकी कामं सोडली. तरुण पोरं म्हणाली, डफडंही फेका. ते म्हणाले, "हे सरकारचं हाये. सरकारचं बोलनं गावाले सांगाले माह्यावानी मानूस लागते." आमच्याही घरी दीक्षा झालेली. माझे वडील बडनेऱ्याला गिरणीत. त्या एका 'माह्यावानी'मध्ये काय काय होतं ते मला समजावून सांगायची गरज नव्हती.

मी त्यांना बाजाराच्या दिवशी या म्हटलं आणि आत आलो.

"काझीसाहेब, हा शब्द जरा..."

"कौनसा?"

"नालायक."

त्यांनी मान वर केली नाही. "लायक म्हणजे पात्र. ना-लायक म्हणजे अपात्र. हमारे उस्तादने बडे बडे जमीनदारांना नालायक लिहिलं आहे. कोणी रडलं नाही. त्यात शिवी कुठून आली?"

"आमच्याकडे बाप पोराला म्हणतो, साहेब."

"बाप म्हणतो ते वेगळं. सरकार म्हणते ते वेगळं. उद्या फेअर कॉपी करून दे."

पुढे बोलायची माझी छाती झाली नाही. तात्पुरत्या माणसाची नोकरी हेडक्लार्कच्या एका शेऱ्यावर असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापकांना गाठलं. तास संपला होता आणि ते खडूचे हात झटकत होते. मी विचारलं, सर, इन्कॉम्पिटंट म्हणजे नेमकं काय?

"कोणाला म्हणायचं आहे?"

"आवाज गेलेल्या माणसाला."

"मग म्हणू नका." ते पुन्हा खुर्चीवर बसले. "हे बघा वानखडे. ज्याला एखादं काम येतच नाही, शिकवूनही नीट करता येत नाही, तो इन्कॉम्पिटंट. कायद्यात आणखी एक वापर आहे, अधिकार नसलेला, जसं अज्ञान मूल खरेदीखत करायला इन्कॉम्पिटंट. पण ज्याला काम येतं, आणि काहीतरी आड आल्यामुळे आज करता येत नाही, तो अनेबल. माझा पाय मोडला तर मी चालायला अनेबल. चालण्यात इन्कॉम्पिटंट नव्हे. चालणं मला येतं." मग जरा हसले. "हा शब्द माणसाला लावण्याआधी साहेब दोनदा विचार करत असतील. टायपिस्ट करत नाही."

मला बरं वाटलं, पण अडचण तशीच राहिली. कॉलेजातली इंग्रजी कचेरीत घेऊन जाणं म्हणजे काझीसाहेबांना शिकवायला जाणं. ते मला नको होतं. सायकलवर सगळ्या वाटेने मी वाक्य जुळवत होतो आणि कचेरी आली तेव्हा एकही आठवेना.

काझीसाहेबांनी विचारलं, "फेअर झालं?"

"नाही."

"काहून?" रागावले की ते शुद्ध वऱ्हाडी बोलत.

जे जुळवलं होतं ते सगळं बाजूला राहिलं. तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, हे पुकारणार उकंडाजीच."

काझीसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

"तोच पुकारणार," ते हळूच म्हणाले. मग डबा उघडला, पान न लावताच मिटला. "इतके वर्षं हुकूम लिहिले, बेटा. तो कोणाच्या तोंडून जातो ते पाहिलं नाही. चल."

"कुठे?"

"साहेबाकडे. तू बोल. मी उभा राहतो."

तहसीलदार साहेब तरुण होते, साताऱ्याकडचे, नवेच आलेले. आमच्या बोलण्यातलं 'करून राहिलो' ऐकून सुरुवातीला त्यांना वाटे माणूस काम करायचं राहिला. मी काय बोललो ते मला आठवत नाही. दोन वाक्यांत चार वेळा अडखळलो. शेवटी काझीसाहेबच म्हणाले,

"हुजूर, या हुकमाची दवंडी कोण देणार?"

"कोतवाल."

"कोणता?"

"तोच. म्हणजे..." साहेब थांबले. "पण त्याला आवाज नाही म्हणूनच तर काढतोय."

"जी."

"म्हणजे हा हुकूम गावाला कळायचा तर तो माणूस कामाला लायक असला पाहिजे."

"जी हुजूर. आणि लायक असला तर हुकमाची जरूर नाही."

साहेबांना हसू आवरेना. काझीसाहेब हसले नाहीत, पण मी त्यांच्या मिशा हललेल्या पाहिल्या. मग साहेबांनी मराठी कच्ची प्रत वाचली आणि हसणं थांबलं.

"हा शब्द मी नाही वापरला."

"आपण इन्कॉम्पिटंट वापरला, साहेब," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर घाबरलो.

"तो नियमाच्या पुस्तकातला आहे. तो बदलला तर वरून कागद परत येईल." त्यांनी इंग्रजी प्रत बाजूला सारली. "हे असंच राहू द्या. हे फायलीत राहणार, आणि फायलीला कान नसतात. मराठीचं काय करायचं ते आपल्या हातात आहे. काय लिहाल?"

"कार्य करण्यास असमर्थ," मी पुस्तकातून आणलेलं सांगितलं.

काझीसाहेबांनी नाक मुरडलं. "हे कोणाले समजते?"

"तुमच्या घरी काय म्हणतात?" साहेबांनी मला विचारलं. "समजा, तुमच्या आजोबांना विहिरीचं पाणी ओढवत नाही. तर?"

घरचं बोलणं साहेबांपुढे काढायचं म्हणजे मला कानकोंडं झालं. कॉलेजात त्याच बोलण्यावरून मला पुष्कळ चिडवलं होतं. पण विचारलं होतं त्यांनीच.

"'त्याईच्यानं आता होत नाई' म्हणतात, साहेब."

"वा. मग तेच लिहा की. त्यांच्याने आता होत नाही."

"हुजूर, ही सरकारी जबान नाही," काझीसाहेब म्हणाले.

"आजपासून आहे."

काझीसाहेबांनी एकदा छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "तर त्यात एक 'सबब' घाला. त्याच्याशिवाय हुकूम हुकूम वाटत नाही, आईनं सांगितलेला निरोप वाटतो."

'सबब' म्हणजे 'या कारणाने'. साहेबांनी ती घातली. वाक्य असं झालं: 'घशाच्या दुखण्यामुळे दवंडीचे काम उकंडाजी तायडे यांच्याच्याने आता होत नाही, सबब त्यांना कोतवालीतून मोकळे करण्यात येत आहे.' 'कमी' काढून 'मोकळे' काझीसाहेबांनीच केलं, कोणी न सांगता. 'यांच्याच्याने'मधला एक 'च्या' जास्त आहे असं मला वाटलं. पण सही झाली होती.

बाजाराच्या दिवशी उकंडाजी आले. आम्ही निंबाखाली बसलो. मी एकेक तुकडा म्हणत गेलो, ते डोळे मिटून ऐकत गेले. पहिल्यांदा 'घशाच्या दुखण्यामुळे' म्हणून दाखवलं आणि डोळे उघडले.

"खरं हाये," ते म्हणाले.

पूर्ण वाक्य झाल्यावर त्यांनी गळ्याला हात लावला आणि मान खाली घातली. मला वाटलं, झालं, लागलं त्यांना. शेवटी काढून टाकलं ते काढूनच टाकलं, शब्द कितीही मऊ केले तरी.

"बाबा?"

"दम घेऊन राहिलो, गा," ते कुजबुजले. "बसते. चार दमात बसते. 'सबब'वर थांबलं का डफडं एक डाव वाजवतो."

"लोकांना ऐकू जाईल?"

"माह्याच्यानं होत नाई असं तूच लिवलं ना?" ते हसले तेव्हा आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. "पाहू. ज्याले आयकाचं थो जवळ येईन."

कागद घडी करून त्यांनी टोपीत ठेवला आणि मोझरीच्या रस्त्याने निघाले.

त्यानंतर त्यांची माझी गाठ नाही. मधल्या काळात टपाल दुसऱ्याच हाती येऊ लागलं. विचारावं म्हटलं तर काय विचारणार? तुमच्या गावात एका म्हाताऱ्याची फजिती झाली का? लोक हसले का? मी विचारलंच नाही. मग परीक्षेसाठी मी नोकरी सोडली. काझीसाहेबांनी माझ्या कागदावर चांगला शेरा लिहिला. इंग्रजीत लिहिला, आणि खाली 'मराठी तर्जुमा जरुरी नाही' असं लिहून मला दाखवला.

परीक्षा झाल्यावर मी अकोल्याला बहिणीकडे आलो. बहिणीच्या शेजारी रुखमाबाई राहतात. त्यांचे यजमान तेलाच्या घाण्यावर आहेत. काल बहीण त्यांना म्हणाली, चला व, नळावर जाऊ. रुखमाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या,

"रुखमाबाई यांच्याच्याने आता होत नाई, सबब त्याईले पान्यातून मोकळे करन्यात येत आहे."

मी हातातला कप खाली ठेवला.

"हे कुठलं, बाई?"

"आमच्या मायेरचं. मोझरीच्या रस्त्यावर हाये आमचं गाव. तिकडं आता समदेच म्हनतात. बुढी कांडाले बसली नाई तरी म्हनते, पोट्टं शाळेत गेलं नाई तरी म्हनते. मी होती ना तई मायेरी, दिवाईले." त्या सांगू लागल्या. "आमच्या कोतवालाचा घसा बसेल होता. त्याची मुनादी कोनी आयकेच ना. त्या दिवशी डफडं वाजवलं त समदे आपापल्या कामात. थो उभाच. वाजवे, थांबे, व्हट हालवे. मंग पाटलाची सून म्हने, अव, थो काई तरी सोताच्याच नावानं सांगून राहिला. त गेल्या बाया जवळ. मंग मान्सं गेले. पुढच्यानं आयकलं थे मांगच्याले सांगितलं, मांगच्यानं त्याच्या मांगच्याले. गल्लीच्या गल्ली म्हने बाप्पा. थो नुसता डफडं वाजवे अन् गाव मुनादी दे."

"हसले का लोक?"

"हासतीन काहून? खोटं होतं काय?" त्यांनी माझ्याकडे नवल करून पाहिलं. "पाटलानं चावडीवर मानाचा नारळ देल्ला त्याले. आता त्याचा पुतन्या हाये कोतवाल. आवाज असा का चांदूर रेल्वेपावतर जाईन, पर ध्यानात काई राहात नाई त्याच्या. म्हनून बुढा मांगं उभा राह्यते अन् कानात सांगते."

मी यातून जे शिकलो ते लिहून ठेवतो. एखाद्याला काय जमत नाही हे लिहायची पाळी आली, तर ते त्यालाच गावात पुकारायचं आहे असं धरून लिहावं. निम्मे शब्द आपोआप गळतात.

"पर एक सांग बापू," रुखमाबाई उठता उठता म्हणाल्या, "तू त शिकेल हायेस. हे 'सबब' म्हंजे काय? गावात कोनालेच मालूम नाई. उकंडाबुवाले विचारलं, त थो म्हने, तिथं दम घ्याचा असते."